पाच सेकंद हलू नका

कॅप्टन जन्मात कधी खऱ्या विमानाच्या कॉकपिटमध्ये बसले नव्हते. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या कवळ्या बनवल्या. दातांचे डॉक्टर हिरड्यांचे साचे पाठवायचे, आणि हे गृहस्थ मेण, प्लास्टर आणि बारीक चाकू घेऊन त्यातून असे दात घडवायचे, की ऐंशीच्या घरातली माणसं पुन्हा शेंगदाणे फोडायला लागायची. 'कॅप्टन' हे नाव पडलं ते मैदानावर. शहराबाहेरच्या एका सपाट माळावर दर रविवारी सकाळी छोटी विमानं उडवणारी दहा-बारा टाळकी जमत, आणि त्यातल्या बहुतेकांना उडवायला यांनीच शिकवलं होतं. विमान चालवायच्या त्या पेटीला कुणी रिमोट म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "रिमोट टीव्हीला असतो," ते म्हणायचे, "हा ट्रान्समीटर. बोलायचं तर नीट बोला."

त्यांचं स्वतःचं विमान पिवळं होतं. हलक्या लाकडाच्या पट्ट्या एकेक कापून, चिकटवून, घासून त्यांनी ते सात महिन्यांत उभं केलं होतं. पंख दीड मीटरचे. त्या सात महिन्यांत घरात भुसा, डिंकाचा वास आणि बायकोच्या कपाळावरची आठी, तिन्ही कायमची वस्तीला होती. बायको त्या विमानाला 'माझी पिवळी सवत' म्हणायची.

तर त्या रविवारी सवत दोन तुकड्यांत घरी आली.

"काय हो, आज काय भांडण झालं तिचं नि तुमचं?" बायकोनं दारातच विचारलं.

"रिसीव्हर," कॅप्टन म्हणाले, आणि बूट न काढता थेट मागच्या खोलीत गेले. बूट घालून घरात शिरलेला माणूस म्हणजे प्रकरण गंभीर, हे बायकोला कळलं. ती मागोमाग गेली नाही.

ही दुसरी वेळ होती. तिसऱ्यांदा पडलं तर काय, ते मैदानावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये लिहून टांगलेलं होतं, आणि लिहिलंही कॅप्टननीच होतं. काही वर्षांमागे एका बेफिकीर गड्याचं विमान पायवाटेवरून चाललेल्या एका बाईच्या खांद्याला घासून गेलं. थोडक्यात निभावलं. त्या दिवशी कॅप्टननी आपल्या ठसठशीत अक्षरात सातवा नियम लिहिला: एका हंगामात तीनदा ज्याचं विमान पडेल, किंवा ज्याच्या हाताची खात्री देता येत नसेल, त्यानं दोरीवर उडवावं. अपवाद नाही. 'अपवाद नाही'खाली दोन रेघा.

दोरीवर म्हणजे काय, तर दोन ट्रान्समीटर एका वायरनं जोडायचे. एक शिकणाऱ्याच्या हातात, एक शिकवणाऱ्याच्या. शिकवणाऱ्याच्या पेटीवर एक बटण असतं. ते बोटानं दाबून धरलं की विमान शिकणाऱ्याचं. बोट उचललं की त्या क्षणी शिकवणाऱ्याचं. नवशिक्यांसाठी उत्तम सोय. पण ज्यानं अख्ख्या मैदानाला दोरीवर शिकवलं, त्यानं सत्तराव्या वर्षी स्वतः दोरीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहायचं? कॅप्टननी मनाशी ठरवलं होतं: तशी वेळ आली तर सवतीला जिन्यात खिळ्यावर टांगायचं आणि रविवारी सकाळी बायकोबरोबर भाजी निवडायची. संपला विषय.

आता एक गोष्ट सांगतो, ती कॅप्टननी कुणालाच सांगितली नव्हती. त्यांचे हात कापायचे.

फार नाही. पण दोन वर्षांपूर्वी एकदा कवळीचा पुढचा दात मेणात बसवताना चाकू असा काही थरथरला की दात टुणकन उडून टेबलाखाली गेला. गुडघ्यांवर बसून त्यांनी तो शोधला, पुन्हा बसवला, पुन्हा उडाला. त्याच महिन्यात त्यांनी काम बंद केलं. लोकांना सांगितलं, "आता सगळं कॉम्प्युटरवर बनतं हो, मजा राहिली नाही." डॉक्टरकडे गुपचूप जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, वयाचं आहे, पण जाणारही नाही. कॅप्टननी ती चिठ्ठी खिशात घातली आणि पँट धुवायला टाकली. मिटलं. आणि स्वतःची समजूत अशी काढली, की हात कापतो तो चाकूवर, कपावर, सुईवर. ट्रान्समीटरच्या दांड्यांवर नाही कापत. तिथं बोटं कशी रोवून ठेवलेली असतात! माणूस एकदा स्वतःला फसवायला बसला, की त्याला दुसऱ्या कुणाची गरज लागत नाही.

त्यांच्या वाढदिवसाला सुनेनं एक डबी आणून दिली होती. आगपेटीएवढी. आत रिसीव्हर, म्हणजे ट्रान्समीटरचं सांगणं ऐकणारा विमानातला कान, आणि त्याच्याच पोटात जायरो. विमान वाऱ्यानं कलंडायला लागलं, की माणसाच्या डोळ्याला दिसायच्या आत जायरोला कळतं, आणि तो पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या उलट्या बाजूला वळवून विमान सावरतो.

"पोहणाऱ्याला फुगे बांधतेस होय गं?" कॅप्टन म्हणाले होते.

"वाऱ्याच्या दिवसांत बरं पडेल, बाबा," सून म्हणाली. "बसवून तर बघा."

सुनेनं दिलेलं, नाही कसं म्हणणार? बसवलं. आणि तिथून साडेसाती सुरू झाली. पहिल्या रविवारी विमान सारखं डावीकडे झुकायला लागलं; कसंबसं उतरवलं. दुसऱ्या रविवारी उजवीकडे असं गेलं, की झुडपातच. तिसऱ्या रविवारी नाक खाली करून जमिनीत. कधी डावं, कधी उजवं, कधी नाक! खोड एकच असेल तर पकडता येते. रोज वेगळी खोड करणाऱ्याला काय म्हणायचं?

पुढचे पाच दिवस कॅप्टन मागच्या खोलीतून जेवायलाच काय ते बाहेर आले. विमान जोडलं. फोमचा स्टँड टेबलाला स्क्रूनं पक्का केलेला होता, त्यावर ते पालथं ठेवून तपासणी सुरू झाली. बॅटरी मोजली, भरलेली. पट्ट्या हलवणाऱ्या बोटभर मोटरी एकेक करून चालवल्या, सगळ्या शहाण्या. रिसीव्हरच्या अँटेनाच्या दोन तारा एकमेकींशी काटकोनात आहेत का पाहिलं, होत्या. जायरो उलटा तर बसला नाही ना, म्हणून विमान हातात धरून डावीकडे कलवलं. डाव्या पंखाची पट्टी लगेच खाली गेली, अगदी जायला हवी तशीच. मग त्यांनी बायकोला विमान देऊन गल्लीच्या टोकाला उभं केलं आणि आपण तीस पावलांवरून दांड्या हलवत बसले, सिग्नल पोचतो का बघायला.

"अहो, लोक बघतायत," बायको तिकडून ओरडली.

"पट्ट्या हलतात का ते सांग!"

"पट्ट्या हलतात, नि समोरच्या गॅलरीतल्या सगळ्या बायकाही हलतायत हसून!"

सिग्नल खणखणीत पोचत होता. टेबलावर सगळं शंभर टक्के. घरात गाय नि मैदानावर वाघ, अशातली गत. शुक्रवारी संध्याकाळी कॅप्टननी स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला आणि जाहीर केलं, "हा तुझा रिसीव्हर सटकलेला आहे."

हे ऐकायला सून दारात उभी होती. नुकतीच कामावरून आलेली, निळा डगला, कोपरावर ग्रीसचा डाग. ती लिफ्टची मेकॅनिक होती. नऊ वर्षं झाली होती तिला त्या धंद्यात, आणि शहरातल्या निम्म्याअधिक उंच इमारती तिच्या सहीवर वर-खाली होत होत्या. मुलगा, म्हणजे तिचा नवरा, जहाजावर नोकरीला. सहा महिने घरी, सहा महिने पाण्यावर. त्यामुळे कॅप्टनचं आणि सुनेचं बोलणं यंत्रांवरून सुरू व्हायचं आणि यंत्रांवरच संपायचं. मुलाला स्क्रू आणि खिळ्यातला फरक कळत नाही, ही कॅप्टनची जुनी जखम होती. सून आली आणि ती भरली.

"बाबा, रविवारी मी येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली.

"कशाला? नवा रिसीव्हर मागव त्यापेक्षा."

"मागवू. पण आधी मला बघू दे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची गोष्ट सांगितली होती ना मी तुम्हाला?"

सांगितली होती, पण ती पुन्हा सांगितल्याशिवाय राहणार नव्हती. एका इमारतीत एका बाईंची तक्रार होती, की लिफ्ट त्यांच्यासाठीच मध्येच अडकते. चार मेकॅनिक येऊन गेले. मोटर बघितली, दोर बघितले, पॅनेल बदललं. लिफ्ट उत्तम. हिनं काय केलं? बाईंना म्हणाली, तुम्ही नेहमी जाता तशा जा, मी नुसती बाजूला उभी राहते. बाई पिशवी घेऊन आत शिरल्या आणि पिशवी सवयीनं दाराला टेकवून ठेवली. दुसऱ्या मजल्यापाशी दार एका केसानं सरकलं आणि लिफ्ट थांबली.

"यंत्राकडे सगळेच बघतात," सून म्हणाली. "तक्रार करणाऱ्याला सोबत घेऊन चढायचं. बिघाड कधीकधी माणसाबरोबर येतो आणि माणसाबरोबरच जातो."

"म्हणजे मी ती पिशवीवाली बाई?"

"बाबा! तसं कुठं म्हटलं मी?"

"म्हण की. ये तू. बघ. पण यावेळी पडलं ना, तर मी दोरीबिरीवर उडवणार नाही. जिन्यात खिळा ठोकून ठेव."

बोलताना त्यांनी हसून दाखवलं, पण सुनेला ते हसू काही पटलं नाही.

रविवारी वारा बेताचा होता. मैदानावर दहा जण, दहा विमानं, आणि घडीच्या टेबलावर नोंदवही घेऊन बसलेला केमिस्ट. केमिस्टचं औषधांचं दुकान होतं, आणि तो मंडळाचा सचिव होता. कॅप्टनचा सगळ्यात पहिला शिष्य. औषधं मोजून मोजून त्याला नियमांची अशी सवय लागली होती, की विमानाआधी तो नियम उडवायचा. पण कॅप्टन समोर आले की उभा राहायचा.

"कॅप्टन," तो खाली मान घालून म्हणाला, "म्हणजे, ते दोनदा झालंय..."

"मोजता येतं मला," कॅप्टन म्हणाले. "लिही तू तुझ्या वहीत."

"मी बिघाड शोधायला आलेय," असं केमिस्टला सांगून सून जरा अंतरावर उकिडवी बसली.

कॅप्टन आपल्या घडीच्या स्टुलावर बसले. विमान पालथं करून मांडीवर घेतलं. बॅटरीचं झाकण पोटाखाली होतं, म्हणून ते असंच उघडायला लागायचं. विमान कधी जमिनीवर उलटं टाकायचं नाही, ही त्यांची शिकवण. "लेकरू आहे ते," ते प्रत्येक शिष्याला सांगायचे, "मांडीवर घ्या." सगळं मैदान विमान मांडीवर घेऊनच बॅटरी जोडायचं. वर्षानुवर्षं त्यानं काही बिघडलं नव्हतं, कारण तेव्हा विमानात जायरो नव्हता.

त्यांनी झाकण उघडलं, बॅटरी जोडली, आणि ते विमान मांडीवर घट्ट धरून थांबले. रिसीव्हरवरचा लाल दिवा भराभर लुकलुकायला लागला. मग पट्ट्या दोनदा टुक-टुक हलल्या आणि दिवा स्थिर झाला. जायरो जागा झाला, असा त्याचा अर्थ.

सुनेनं दिव्याकडे बघितलं. मग दिव्याच्या बाजूच्या बोटांकडे बघितलं, आणि तिची नजर तिथंच राहिली. पिवळ्या लाकडावर ती दहा बोटं घट्ट आवळलेली होती, आणि तरी थरथरत होती. लाकूडही त्यांच्याबरोबर थरथरत होतं.

डबीबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं: चालू केल्यावर पाच सेकंद विमान हलू देऊ नका. त्या पाच सेकंदांत जायरो शिकतो की स्थिर म्हणजे काय. जे जाणवेल तेच तो स्थिर मानतो, आणि मग हवेत गेल्यावर प्रामाणिकपणे त्याच चुकीच्या स्थिराकडे विमान ओढत राहतो. टेबलावर स्टँड होता, म्हणून टेबलावर काही बिघडत नव्हतं. मैदानावर त्याला कॅप्टनचे हात मिळत होते, आणि हात रोज वेगळ्या तऱ्हेनं कापत होते.

कॅप्टननीही तो कागद वाचला होता. पेन्सिलनं खूण केली होती. "मी कुठं हलवतो? चांगलं मांडीवर शांत धरतो," असं स्वतःशी म्हणाले होते. आता सुनेची नजर कुठं खिळली आहे ते त्यांनी पाहिलं, आणि तिच्या नजरेच्या वाटेनं स्वतःच्या बोटांपर्यंत आले. एवढा हुशार माणूस, कवळीत एका केसाचा फरक ओळखणारा. पण त्याला कळायला सुनेचे डोळे लागले.

तेवढ्यात केमिस्ट वही घेऊन आला, मागून बाकीची मंडळी.

"काय ताई, सापडला का बिघाड?"

सून उठली. डगल्याला हात पुसले. "सापडला," ती म्हणाली. "माझीच चूक आहे. बाबांना डबी द्यायच्या आधी मी सेटिंग केलं होतं, ते उलटं करून दिलं. आता नीट करते, पाच मिनिटांत."

मागून एक जण म्हणाला, "लिफ्टला काय, वर नि खाली, दोनच गोष्टी. विमानाला डावं-उजवंही असतं, ताई!" दुसऱ्याला जोर चढला. "आमच्या इमारतीची लिफ्ट यांच्याकडेच आहे रे. उद्यापासून जिन्यानंच!" खो खो हसले सगळे. वाईट माणसं नव्हती ती, पण रविवार सकाळ, आणि आयतं सावज.

सूनही हसली. पण तिचे कान लाल झाले होते.

कॅप्टन स्टुलावर बसून बघत होते. त्यांना जे हवं होतं ते आयतं पदरात पडलं होतं. जायरोचं कोडं सुटलं. विमान यापुढे टेबलावर ठेवून चालू करायचं, की पडणार नाही. तिसरी नोंद नाही, दोरी नाही, आणि हातांचं कुणाला कळणारही नाही. फक्त गप्प बसायचं होतं. आणि समोर उभी होती ती पोरगी, जिनं एकदा एका मालकाशी भर इमारतीत भांडण केलं होतं, कारण न तपासलेल्या लिफ्टवर त्याला तिची सही हवी होती. मालकानं नोकरीची धमकी दिली, तरी हिनं पेन उघडलं नव्हतं. ती घरी येऊन हे सांगत होती तेव्हा कॅप्टनची छाती अशी फुगली होती, की बायको म्हणाली, जणू तुम्हीच पेन धरून बसला होतात. तीच सून आता दहा पुरुषांसमोर न केलेल्या चुकीवर सही करत होती.

"हसणं बंद करा," कॅप्टन म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की त्यांचे तेच दचकले. "अक्कल आहे का तुम्हाला? तिची काही चूक नाही. खोटं बोलतेय ती, माझ्यासाठी."

"बाबा, राहू द्या ना—"

"तू गप गं. इकडे बघा सगळे." त्यांनी विमान सुनेच्या हातात दिलं आणि दोन्ही हात पुढे केले, पंजे पसरून. सकाळच्या उन्हात सगळ्यांना दिसलं. "कापतात. दोन वर्षं झाली. जायरोला माझ्या मांडीवर पाच सेकंद शांतता मिळत नाही, म्हणून विमान पडतं. रिसीव्हर चांगला, जायरो चांगला, देणारी त्याहून चांगली. बिघाड हा आहे."

केमिस्टनं वही पाठीमागे घेतली.

"कॅप्टन, अहो, वयानुसार होतंच थोडंफार—"

"सातवा नियम वाच."

"जाऊ द्या हो."

"वाच म्हणतो ना!"

केमिस्टला वाचायची गरज नव्हती, पाठ होता. "ज्याच्या हाताची खात्री देता येत नसेल," तो म्हणाला आणि अडखळला, "त्यानं दोरीवर... कॅप्टन, मला नाही वाचता येत हे."

"अपवाद नाही," कॅप्टननी पूर्ण केलं. "दोन रेघा मीच मारल्यात." आणि ते स्टूल घडी करायला लागले. घडी होईना. खटका बोटाला सापडेना.

सुनेनं येऊन खटका दाबला. "तुला माहीत होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"जायरो काय वाऱ्यासाठी दिला होता का मी, बाबा? आणि आईंना तर माझ्याआधीपासून माहीत आहे. तुमचा कप दोन वर्षं त्या अर्धाच भरतात."

कॅप्टन थबकले. दोन वर्षं त्यांनी त्या अर्ध्या कपावरून कुरकुर केली होती. बायको म्हणायची, तुमचं पित्त, जास्त चहा बरा नव्हे. आणि पाठ वळवून निघून जायची. म्हणजे सांडू नये म्हणून. म्हणजे सांडल्यावर त्यांना लाज वाटू नये म्हणून. एका घरात तीन माणसं एकमेकांवर माया करत होती आणि तिघंही चोरासारखी. तोंड उघडलं असतं तर विमान एकदाही पडलं नसतं.

"चल घरी," ते म्हणाले. "खिळा ठोकायचाय."

"नाही." सून जागची हलली नाही. "मी बिघाड शोधला. तो गेला की नाही, ते कुठं बघितलंय अजून? काम अर्धं टाकून मी कधी कुठून गेले नाही, बाबा. आज तुमच्यामुळे जाणार नाही. उडवा, मग घरी जाऊ."

"दोरीवर?"

"नियम तुमचाच आहे."

कॅप्टननी तिच्याकडे बघितलं, मग मैदानाकडे. "आण रे दोरी," ते केमिस्टला म्हणाले.

केमिस्टची वही खिशात गेली आणि विमान त्याच्या घडीच्या टेबलावर आलं. सुनेनं बॅटरी जोडली आणि हात उचलले. "पाच सेकंद कुणी हलू नका," ती म्हणाली, आणि टेबलाला कुणी हातही लावलेला नसताना दहाच्या दहा माणसं श्वास धरून खांबासारखी उभी राहिली. दिवा लुकलुकला. टुक-टुक. स्थिर.

वायर जोडली गेली. कॅप्टन डावीकडे, केमिस्ट उजवीकडे, त्याचं बोट बटणावर दाबलेलं. पिवळं विमान गवतावरून धावलं आणि उचललं गेलं, सरळ, स्वच्छ, कुठं कल नाही की हिसका नाही. कॅप्टननी एक मोठी फेरी घेतली, मग दुसरी. पेटीवर त्यांचे अंगठे कापत होते, आता ते त्यांना दिसत होतं, पण विमानापर्यंत त्यातलं फारसं काही पोचत नव्हतं. मधल्या मधे जायरो ते गिळत होता. "बघ," ते सुनेला म्हणाले, "बघ कशी चाललीय तुझ्या सासूची सवत!" सून हसत होती आणि डोळे पुसत होती.

उतरवणं मात्र अवघड. विमान खाली आलं, वेग कमी झाला, आणि झुडपांच्या उंचीवर आडवा वारा लागला. कॅप्टनचा अंगठा नको तेव्हा उडाला. डावा पंख खाली गेला. मैदानावर कुणीतरी "अरे अरे" केलं. मग पंख वर आला, नाक सरळ झालं, आणि विमान गवतावर अलगद टेकून, थोडं पळून थांबलं.

टाळ्या, शिट्ट्या, सगळे विमानाकडे धावले. कॅप्टन जागेवरच उभे होते. पेटीचा पट्टा गळ्यातून काढत त्यांनी केमिस्टला विचारलं, "किती वेळा बोट उचललंस?"

"एकदाही नाही, कॅप्टन," केमिस्ट म्हणाला. डोळ्याला डोळा भिडवून, पापणी न हलवता. "तुमचं तुम्ही उतरवलंत."

कॅप्टन त्याच्याकडे बघत राहिले. हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते. मैदानावरचा प्रत्येक जण पहिल्यांदा विमान उतरवल्यावर घामाघूम होऊन हाच प्रश्न विचारायचा, आणि कॅप्टन प्रत्येकाला, अगदी याच डोळ्यांनी, हेच सांगायचे. हा केमिस्ट तर ते ऐकून रडला होता. आणि त्या प्रत्येकाच्या वेळी कॅप्टननी बोट उचललेलं होतं, याच्या वेळी तर तीनदा.

"तुला कधी कळलं रे?" त्यांनी विचारलं.

"काय, कॅप्टन?"

"मी खोटं बोलायचो ते."

केमिस्टनं दोन पेट्यांमधली वायर काढली. "मी पहिल्यांदा दुसऱ्याला शिकवलं, तेव्हा," तो म्हणाला.

कॅप्टनच्या डोळ्यांना पाणी आलं, तसा त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागले. हात कापत होते. काच सारखी निसटत होती. सून पुढे झाली, पण त्यांनी मानेनंच तिला नको म्हटलं, आणि सगळ्यांच्या देखत, सावकाश, जसा जमेल तसा चष्मा पुसत उभे राहिले.